अकरा नावांची यादी

१४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींना सांग, त्यांनी पाठवलेलं मलम आईला लागू पडलं.

आता मुद्द्याचं. वीस वर्षांपूर्वीच्या आपल्या संघातल्या सगळ्या जणींच्या पोटात एकच राग आहे: अंतिम सामन्यात आपल्या प्रशिक्षक बाईंनी तुला, सगळ्यात उंच आणि भरवशाच्या खेळाडूला, बाकावर बसवलं. "माझा निर्णय," एवढंच म्हणाल्या. आपण तीन गुणांनी हरलो आणि तू बास्केटबॉलच सोडलास.

तर ऐक. काल क्लबने त्याच बाईंना कार्यालयात घेतलं. प्रशिक्षक म्हणून नाही. खेळाडू हेरायचे, निवडायचे, संघ उभा करायचा, या कामासाठी. आणि त्यांचं नाव सुचवलं क्लबच्या सचिवाने, म्हणजे मी.

पत्र फाडू नकोस. पुढे वाच.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "देशाला तीन अजिंक्यपदं मिळवून दिलेली बाई आपल्या गळक्या ऑफिसात येईल? आणि सामने मैदानावर जिंकतात हो, टेबलावर नाही." मी उठले. मी उठले की लोक चहा मागवतात, तुला माहीत आहे. पण या वेळी एकच वाक्य बोलले: "आपण टेबलावरच हरलो होतो." कुणाला काही कळलं नाही. तुलाही कळणार नाही, म्हणून हे पत्र.

बाईंच्या वहीत फक्त राखीव सात जणींची नावं असायची, आठवतं? "पहिल्या पाच तोंडपाठ आहेत, त्या कशाला लिहायच्या?" म्हणायच्या. वहीवरून पूर्ण यादी करून पंचांच्या टेबलावर द्यायची, हे कर्णधाराचं काम. माझं. त्या दिवशी तू माझ्या शेजारीच बसून माझ्या बोटांना पट्टी बांधत होतीस. मी वहीतली सात नावं उतरवली आणि मनाने चार लिहिली; पाचवं, तुझं, राहूनच गेलं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. बाईंनी घाईत सही केली. सामना सुरू झाल्यावर यादीत नाव घालता येत नाही.

टेबलावरचा तो कागद मी पाहिला, ताई. अक्षर माझं होतं.

महिन्याने सर्वसाधारण सभेत मी बाईंच्या मनमानीवर वीस मिनिटं कडाडले, तेव्हाही मला हे माहीत होतं. टाळ्या पडल्या. बाई गेल्या. जाताना माझ्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही.

काल करारावर सही करायला आल्या. चष्मा लावून पान न् पान वाचलं. अध्यक्ष हसून म्हणाले, "आमच्यावर विश्वास नाही वाटतं?"

"विश्वास आहे हो," बाई म्हणाल्या. "पण एकदा न वाचता सही केली होती."

मी त्यांना जिन्यात गाठलं. विचारलं, "तेव्हा माझं नाव का नाही घेतलंत?"

"अगं वेडे, नोकरी काय, मला दुसरी मिळाली. तुझ्या ताईला बहीण दुसरी कुठून मिळाली असती?"

आयुष्यभर मी व्यासपीठावरून जगाला खरं बोलायला लावत फिरले. आणि ज्यांच्यामुळे तू माझी राहिलीस, त्यांचे आभार मानायला मला वीस वर्षं लागली. काल मानले. माइक नव्हता, शब्दही धड सुचले नाहीत. त्यांनी पाठीवर थाप मारली, अगदी चुकलेल्या नेमानंतर मारायच्या तशी.

तुझी माफी मागते. तेव्हा तू माझ्या बोटांना बांधलेली पट्टी सुटली नव्हती, सामना संपेपर्यंत. तेही कधी सांगितलं नाही.

बाईंना निवड समिती हवी आहे. पहिलं नाव त्यांनी तुझं सांगितलं. यादी पुन्हा मीच लिहिली आहे. शनिवारी चार वाजता क्लबात ये. माझ्यावर ओरड, वाटलं तर सगळ्यांदेखत ओरड, पण ये. आधी यादी वाच, त्यात तुझं नाव आहे ना बघ, आणि मगच सही कर.

तुझ्या शेजारीच बसलेली,
धाकटी