व्याहीबुवांनी माझं डबल मोडलं

रविवार, १ फेब्रुवारी

लिही. सूनबाई, तुझ्या बापाबद्दल आहे म्हणून पेन थांबवायचं नाही. घरात लिहिणारी तू एकटी, दुसरी कुठून आणू?

अलिबागला ब्रिजचा सामना. अर्धा आज झाला, अर्धा पुढच्या रविवारी. शेवटच्या डावापर्यंत आम्ही पुढे. मग तुझा बाप.

मी डबल म्हटलं. त्यांनी त्यावर चार इस्पिक म्हटलं.

मी घरी येऊन जेवले नाही. वांग्यात सुकट होती, तरी नाही. यावरून समज.

काय लिहिलंस, वाच. "मी नाराज आहे"? खोड ते. पेटलेय, असं लिही. मी न्हाय बोलते तिथे तू नाही लिहितेस, ते मी चालवून घेते. हे चालवणार नाही.

सोमवार, २ फेब्रु.

झोप झाली. राग तिथेच.

सुजाता, तुला पत्त्यातलं ओ का ठो कळत नाही, म्हणून सावकाश सांगते. चौघांचा संघ. मी आणि व्या. एका खोलीत, म्हात्रे नवरा-बायको दुसऱ्या खोलीत. (व्या. एवढंच लिही. पुरतं व्याहीबुवा लिहिण्याएवढा मान आज शिल्लक नाही.) आमच्या हातात जे पत्ते, तेच तिकडे म्हात्र्यांच्या विरुद्ध बसलेल्यांच्या हातात. त्यामुळे पत्ते वाईट आले म्हणून रडायची सोय नाही. अक्कल कुणाची, तेवढंच उरतं.

तर शेवटचा डाव. आधी बोली, म्हणजे हुकूम कुठला आणि सहाच्या वर किती हात करणार ते सांगायचं. व्या. बोलले एक इस्पिक. माझ्या उजव्या हाताला चष्मेवाली बाई, ती दोन बदाम. मी तीन किलवर. व्या. तीन इस्पिक. बाईला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती चार बदाम.

माझ्या हातात बदामाचा राजा, गुलाम, नव्वी, चव्वी. बाईच्या मागोमाग खेळणारी मी. वर बाहेरचे दोन एक्के. बाई आपल्या पायाने चालत ताटात आली होती. मी बोलीच्या पेटीतून लाल फुलीचं कार्ड काढलं आणि ठेवलं. डबल. म्हणजे, बाई, तुझं हे बोलणं तुला झेपायचं नाही, आणि झेपलं नाही तर दंड दुप्पट. अशा वेळी जोडीदाराचं काम एकच. हिरवं कार्ड ठेवायचं. पास.

व्या. नी कपाळ खाजवलं. खिडकीबाहेर बघितलं. एसटीत कंडक्टर असताना सुट्टे नसले की बघायचे, तस्सं. आणि चार इस्पिक.

माझ्याकडे इस्पिक एक. डाव्या बाजूच्या माणसाकडे पाच, राजासकट. व्या. हुकूम काढत बसले आणि एक हात कमी पडला. तिकडच्या खोलीत आमच्या म्हात्रेबाईंनीही चार बदाम बोलून ठेवलेलं. तिथे माझ्या जागच्या माणसाने डबल दिलं, त्याच्या जोडीदाराने गप पास केलं. म्हात्रेबाई पाच हात कमी. तुझा बाप गप बसला असता तर इथे पाच, तिथे पाच, फिट्टंफाट.

आता आम्ही मागे. किती ते म्हात्र्यांना विचार, मला तोंडाने सांगवत नाही.

बुधवार, ४ फेब्रु.

आज व्या. चा फोन. सुजाताने स्पीकरवर टाकला, मुद्दाम.

"ताई, माझ्याकडे सहा इस्पिकं होती हो."

"मग मी काय खाडीत होते? दोनदा ऐकलं की तुमचं इस्पिक. ऐकूनच डबल दिलं."

"मला वाटलं, तुम्ही बाईंवर चिडून..."

चिडून! पत्ते हातात घेऊन मी कधी चिडत नाही. पत्ते ठेवल्यावर चिडते.

फोन ठेवला, तरी खरं कारण ते बोललेच नाहीत. ते मी रविवारीच ऐकलंय. चहाच्या टेबलापाशी म्हात्र्यांना सांगत होते, मी मागे उभी. "मालकांचं डबल असतं तर डोळे मिटून पास केलं असतं."

आमच्या ह्यांचं. कंपनीच्या वसाहतीत दिवाबत्तीचं काम करताना क्लबातल्या साहेबांचं बघून बघून हे ब्रिज शिकले. घरी येऊन मला शिकवलं, आणि सोयरीक झाल्यावर व्याह्यांना. मग दोघांची जोडी जमली ती जमलीच. हे गेल्यावर खुर्ची माझ्याकडे आली. तीन वर्षं तिच्यावर बसतेय.

ह्यांचं डबल व्या. नी कधी मोडलं नाही. आणि ह्यांची डबलं मला ठाऊक आहेत. देवमाणूस, पण निम्मी चुकायची. त्या चुकल्या डबलांवर दोघं हसायचे, चहा मागायचे. मी बरोबर दिलेलं मोडतात.

शुक्रवार, ६ फेब्रु.

मी येणार नाही, असं म्हात्र्यांना कळवलं. म्हात्रे रडकुंडीला. तीन माणसांचा संघ बसवत नाहीत, म्हणे.

दुपारी व्या. स्वतः आले. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, तिथून इथे. हातात जिताडा, चांगला हातभर लांब. आपल्याकडे कुणाला मनवायचं असलं की जिताडा न्यायचा, साहेब असो की विहीण. मासा ओट्यावर ठेवला. माफीचा शब्द नाही.

"व्याहीबुवा, जिताड्याने डबल भरून येत नाही."

"खाऊन तर बघा."

खाल्ला. माशाची काय चूक?

जाताना अंगणात सुजाता आणि बाप कुजबुजत होते. मी हिला आत बोलावून बजावलं. रविवारी जाईन. पण तू मध्ये पडायचं नाहीस. आईला जपा, आईचं ऐका, असलं काही बापाला सांगायचं नाही. माझं काय ते टेबलावर. हो म्हणाली.

(होच म्हणाले होते. सु.)

हे काय लिहिलंस मध्येच? मी काही बोलले नव्हते.

रविवार, ८ फेब्रु.

हरलो.

उद्या सांगते. आज तोंड उघडलं तर तुला लिहिता येणार नाही असलं निघेल.

सोमवार, ९ फेब्रु.

बरोबरीला आलो होतो. दोन डाव उरलेले.

माझ्या डाव्या हाताचा टकल्या, एक इस्पिक. व्या. दोन बदाम. त्याचा जोडीदार तीन इस्पिक. मी पास. टकल्या चार इस्पिक. मग दोघं पास, फिरून माझ्यावर.

माझ्याकडे इस्पिकाची राणी, दश्शी, नव्वी, सत्ती. चौकटचा एक्का, किलवरचा एक्का. व्या. कडे बदामाचा एक्का असणारच. तीन हात पक्के, आणि राणीला चौथा. मी लाल फुली ठेवली. आजही ठेवीन.

टकल्या पास. आणि व्या. नी हिरवं कार्ड ठेवलं. लगेच. तिकीट फाडून हातात द्यावं तसं.

मग टकल्या विचार करत बसला. डबल दिलंय म्हणजे हुकूम हिच्याकडे आहेत, हे त्याला मीच ओरडून सांगितलं होतं. त्याने समोरच्या हातातून इस्पिकं खेळवत माझी राणी पकडली. केलं त्याने. डबलमध्ये केलं. तिकडे आमचे म्हात्रे त्याच पत्त्यांवर चार इस्पिकच खेळत होते. त्यांना कुणी डबल दिलं नाही. ते एक्का, राजा वाजवत सुटले आणि एक हात कमी गेले. सामना तिथेच गेला.

याचा राग नाही. म्हणजे आहे, पण तो माझा मला. पुढचं ऐक.

डाव संपल्यावर मी व्या. चे पत्ते मागून बघितले. बदाम सात. इस्पिक एकही नाही. बदामाचा एक्का सोडला तर बाहेर चिटपाखरू नाही. असल्या हातावर डबल मोडतात! पाच बदाम बोलले असते तर फार तर एक हात कमी, स्वस्तात सुटलो असतो. मोडायचं होतं तेव्हा पास, पास करायचं होतं तेव्हा मोडलं.

म्हटलं, "व्याहीबुवा, हे काय?"

"तुम्ही डबल म्हणालात, ताई. मी पास केलं."

आणि हसले. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर हसतात तसं.

बुधवार, ११ फेब्रु.

दोन दिवस तेच डोक्यात. ह्यांनी डबल दिलं की व्या. आधी आपले पत्ते पुन्हा एकदा बघायचे, मान हलवायचे, मग पास. डोळे मिटून वगैरे काही नाही, ती म्हात्र्यांपुढची फुशारकी. मी पाठीशी बसून वर्षानुवर्षं बघितलंय. रविवारी त्यांनी पत्ते बघितलेच नाहीत.

सुजाता, इकडे बघ. तू काही बोललीस त्यांना?

बघ, पेन थांबलं. मी विचारलं हे लिही. बापाला लेकीने सांगायचं, म्हातारीचा मान ठेवा, आणि बापाने ठेवायचा. मान ठेवायला मी काय पाटावर बसवलेली सवाष्ण आहे? ह्यांचा कधी मान ठेवला नाही त्यांनी. ह्यांच्याशी पत्ते खेळले. भांडले, शिव्या दिल्या, एकदा पत्ते खाडीत फेकले. मला गोड हसतात.

रडू नकोस. कागद भिजेल.

काय म्हणतेस? तुझ्या आप्पांचा निरोप आलाय? या रविवारी पत्ते घेऊन येऊ का, विचारतात?

मला एकच हवंय. पास केलं ते पत्ते बघून, की माझं तोंड बघून. चुकून केलं असेल तर चालेल. हातात सात बदाम असून या बाईचं डबल खरं असेल असं वाटलं असेल, तर तो मूर्ख माणूस आणि मी जन्मभर त्याच्यासमोर बसेन. पण दया केली असेल तर दिघीहून इकडे बोटीत पाय टाकायचा नाही.

नाही, तू नको विचारूस. तू विचारलंस की तुला हवं ते सांगतील. फोन लाव आणि माझ्याकडे दे. तो स्पीकर बंद कर.

वाजतोय.