झुकीझुकी म्हणजे ठणका

मंगळवार, संध्याकाळ. कळमनुरी.

जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी मिळावी म्हणून भाषा शिकतेय. आज मोबाइलवरच्या क्लासमध्ये दुखण्याचे शब्द होते. ठणकलं की झुकीझुकी, टोचलं की चिकूचिकू. सोपे वाटले, आपणही ठसठस म्हणतोच की.

नंतर सासऱ्यांचे पाय चोळताना गंमत म्हणून विचारलं, "आबा, झुकीझुकी होऊन राहिलं का चिकूचिकू?" लकवा झाल्यापासून ते फारसं बोलत नाहीत. आज हसले. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "झुकीझुकी." मग माझ्याकडे बघतच राहिले. "तिकडच्या म्हाताऱ्यांचं दुखणं शिकून राहिली तू. माझं कोण इचारल?"

"मी न्हाई जात, आबा."

काहून बोलले मी असं? त्यांचा चेहरा फुलला आणि माझाच जीव कोंडला.

तेवढ्यात क्लासच्या मॅडमचा फोन आला. जाणाऱ्यांच्या यादीत नाव पक्कं करू का, म्हणाल्या. आबांना ऐकू जाऊ नये म्हणून न्हाणीत शिरले, दार लावलं आणि हळूच म्हणाले, "करा." दोघांनाही शब्द देऊन बसले! आता खोटी कुणापाशी पडू?

बाहेर आले तर आबांनी विचारलं, "कोणाचा फोन व्हता, पोरी?"

राँग नंबर होता म्हणाले.