शालवाली दार का वाजवत नाही

रावेत,
रविवार, सकाळ

प्रिय शेवंतीताई,

तुम्ही मला ओळखता, पण 'मायक्रॉन' म्हणून, आणि बहुधा पुरुष म्हणून. 'दाराबाहेर कोणीतरी' या मालिकेच्या चाहत्यांचा फेसबुकवर जो गट आहे, त्यात तुमच्या मताला लाल टॅग लावणारा मायक्रॉन म्हणजे मी. मी बाई आहे, एकोणतीस वर्षांची. चाकणच्या एका कारखान्यात स्टँडर्ड रूममध्ये काम करते. गाड्यांचे सुटे भाग ठरल्या मापात आहेत की नाहीत, हे जिथे तपासतात ती ही खोली. बाहेर ऊन असो की थंडी, ती वीस अंशांवरच ठेवतात, कारण उष्णतेने लोखंडसुद्धा फुगतं आणि माप चुकतं. गटात सगळे मला 'दादा', 'भाऊ' म्हणत आले. मी कोणाला दुरुस्त केलं नाही. दादाचं लोक ऐकतात, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. हे पत्र तुमच्यापर्यंत कसं पोचलं, ते शेवटी सांगते.

मालिका तुम्हाला नवी नाही, पण मला क्रमानेच लिहिता येतं. रेवा नावाची मुलगी फ्लॅटमध्ये एकटी राहते. दर गुरुवारी डोक्यावरून करडी शाल घेतलेली एक बाई जिना चढून येते, रेवाच्या दाराशी रुमालात बांधलेला डबा ठेवते, बेल न वाजवता मागे फिरते आणि जिन्यात थोडं थांबून निघून जाते. तिचा चेहरा कधीच दाखवत नाहीत. एवढ्याशा गोष्टीवर आपण सगळ्यांनी काय काय रचलं! तळेगावचे गॅरेजवाले इकबालभाऊ तिच्या चालीवर अडून बसले होते: "भाऊ, नीट बघा, उजव्या पायाचं शॉकअप गेलंय. म्हणजे अपघातात मेली म्हणून सांगितलेली ती काकू हीच!" कोणी म्हणालं जुळी बहीण, कोणी म्हणालं शालीत पुरुष आहे, आणि भुताचा पक्ष तर मोठाच होता. त्यावर वर्षालीने विचारलेलं आठवतं का? "भूत डबा कशाला आणेल राव, मेस चालवतंय का?" तेव्हा मी कारखान्याच्या बसमध्ये एकटीच हसले होते, आणि शेजारच्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं होतं. घरी परतल्यावर बोलायला कोणी नसतं, म्हणून मी त्या गटात आले होते. हेही मी कोणाला सांगितलेलं नाही.

मग तुम्ही लिहिलंत. तुमची ती पोस्ट मी इतक्या वेळा वाचली आहे की ती मला पाठ आहे. "ती रेवाची आईच आहे. मालिकेत आई गावाला असते म्हणतात, पण ते खोटं. दार वाजवत नाही, कारण लेकीनेच कधीतरी सांगितलंय, येण्याआधी फोन करत जा. आणि फोन केला तर लेक म्हणणार, आज नको. म्हणून ती फोनही करत नाही आणि दारही वाजवत नाही. डबा तेवढा ठेवते. डब्याला कोणी नको म्हणत नाही." बायकांनी त्याखाली बदाम पाठवले. इकबालभाऊंनी लिहिलं, "ताई, रडवलंत, काकूवाला मुद्दा मागे घेतो." मला मात्र राग आला. इतर कोणाच्याही तर्काचा मला राग आला नव्हता, भुताच्यासुद्धा नाही. तो राग कशाचा होता, हे मी तेव्हा तपासलं नाही. कामावर मी कारण शोधल्याशिवाय कुठल्याही दोषाची नोंद बंद करू देत नाही.

त्याऐवजी मी मापं काढली. रेवाच्या दाराची चौकट एकवीसशे मिलिमीटर धरली, त्यावरून शालवालीची उंची काढली. रेवाच्या आईचा भिंतीवर जो फोटो आहे, त्यात ती एका लोखंडी कपाटाशेजारी उभी आहे. कपाटाच्या उंचीवरून तिची उंची काढली. फरक साठ मिलिमीटरच्या वर आला. शालवाली डावरी आहे, आई पत्रावर सही करते ती उजव्या हाताने. त्या उंचीची आणि डावरी अशी मालिकेत एकच बाई आहे, म्हणून निष्कर्ष असा की ती रेवाची धाकटी आत्या आहे. इथे थांबले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण आमच्याकडे मापात न बसणाऱ्या भागाला लाल टॅग बांधतात. त्यावर कारण लिहायचं, खाली तपासणाऱ्याची सही करायची, म्हणजे तो भाग चुकून पुढे जात नाही. मी तुमच्या पोस्टचं चित्र घेतलं, त्याला तसाच टॅग लावला आणि कारणाच्या जागी लिहिलं: "पुरावा शून्य. फोनचं हे वाक्य एकाही भागात नाही. मालिका म्हणजे रिकामटेकड्या बायकांनी आपापली दुखणी टांगायची खुंटी नव्हे."

लोकांना ते फार आवडलं. भागाला टॅग बांधायचा असतो, माणसाला नाही, हा फरक त्या गटात जिला रोजच्या कामामुळे कळायला हवा होता, अशी मी एकटीच होते. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही काहीही लिहिलंत की त्याखाली लाल टॅग येऊ लागले. तुम्ही कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यात, त्यावरही कोणीतरी टॅग लावला, "पुरावा शून्य." मी तो पाहिला आणि त्याला अंगठा दिला.

तुमचं शेवटचं उत्तर आलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये जेवत होते. तुम्ही लिहिलं होतं, "दादा, तुमचं बरोबर असेल. मला मोजता येत नाही. पण दारात पुरुषाचे बूट दिसले म्हणून ती आई मागे फिरली असेल, रागावून नाही. लेकीच्या घरात कोणीतरी आहे, ती एकटी जेवत नाही, एवढं बघून तिला बरंच वाटलं असेल. आणि रुमालाच्या गाठीचं एक टोक ती लांब सोडते, ते नीट बघा. लेक नखं कुरतडते. घट्ट गाठ तिला सुटत नाही." मी जेवता जेवता डाव्या हाताने उत्तर टाकलं, "बूट कुठल्या भागात? भाग क्रमांक द्या." शेजारी बसलेल्या संघर्षने, तो आमच्याकडे नवा लागलेला इंजिनिअर आहे, वाकून वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, कोणाला एवढं धुताय? बिचारी कोणाची तरी आई असेल हो." मी म्हणाले, "असेल. पण बूट नाहीत ना."

त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीचे वॉचमन आबाजी यांनी मला हाक मारली. "मॅडम, आई आल्या व्हत्या. वर जावा म्हनलं, तर न्हाई म्हनल्या, ती दमून येती." त्यांनी डबा दिला. तसे डबे उन्हाळ्यापासून येत होते. मी ते घ्यायचे, घरी नेऊन खायचे, आणि आईला फोनवर 'मिळाला' एवढं सांगायचे. त्या दिवशी डबा ओट्यावर ठेवला आणि रुमालाचं लांब टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. माझ्या बोटांना नखं नाहीत. शाळेत असल्यापासून कुरतडते. आत मेथीचे पराठे होते, अजून कोमट. मी ओट्याला टेकून तिथेच उभी राहिले. मालिकेतल्या रुमालाची गाठ मी नंतर पुन्हा जाऊन पाहिली. तिची दोन्ही टोकं सारखी आहेत.

आता माझ्या आईबद्दल लिहायला हवं. ती चिंचवडच्या गावठाणात राहते, बाबा गेल्यापासून एकटी. साड्यांना फॉल-पिको करून देते. माझ्या घरापासून स्कूटरवर फार वेळ लागत नाही, तरी मी महिन्यातून एकदा जायचे, तेही वेळ ठरवून. मी तिला फोन घेऊन दिला तेव्हा तो कसा वापरायचा ते दोनदा समजावलं आणि तिसऱ्या वेळी चिडले. तिच्या खालच्या मजल्यावरच्या बिल्किसचाचींनी पुढचं शिकवलं असणार. उन्हाळ्यात एका रविवारी ती न कळवता आली. लिफ्ट बंद होती, चार मजले चढून आली होती. मी दार अर्धंच उघडलं. आत सलिल होता, आणि सलिलबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. मी म्हणाले, "आई, येण्याआधी फोन करत जा ना." ती म्हणाली, "हो गं, चुकलंच माझं." डबा माझ्या हातात दिला आणि पाणीही न पिता उतरली. पायपुसण्याशेजारी सलिलचे बूट होते. तिने ते पाहिले नाहीत, असं मी ठरवून टाकलं. बूट कुठल्या भागात, असं मी विचारलं होतं. ते माझ्याच दारात होते.

लाल टॅग मी ती गाठ सोडली त्याच दिवशी काढून टाकला, पण इतरांनी लावलेले तसेच राहिले, आणि तोवर शेवंती हे नाव गटातून नाहीसं झालं होतं. डबेही बंद झाले. फोनवर आईचा आवाज नेहमीसारखाच होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती डब्याची मालिका बघतेस का गं?" ती म्हणाली, "छे, कुठली मालिका. रिकामटेकड्या बायकांचे धंदे ते." माझेच शब्द होते. मी "बरं, ठेवते" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर रोज कामावर मापाचं गेज हातात घेताना मला ते ऐकू येत राहिलं. परवा मालिकेने शालवालीचा चेहरा दाखवला. ती धाकटी आत्याच निघाली. गटात जल्लोष झाला. "मायक्रॉनभाऊ, मानलं राव, पेढे कधी?" असं इकबालभाऊंनी लिहिलं. मी इतकी बरोबर होते, आणि बरोबर असण्याची इतकी लाज मला याआधी कधी वाटली नव्हती. मी गटात खरं नाव लिहिलं, मी दादा नाही हे लिहिलं, आणि शेवंतीताईंची माफी मागितली. त्या कोण आहेत ते लिहिलं नाही. तो माझा हक्क नव्हता.

आई, वर 'शेवंतीताई' लिहिलं, कारण 'आई' असं लिहिलं असतं तर पुढची एक ओळही लिहिता आली नसती. शेवंती हे तुझं माहेरचं नाव. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांत 'चित्रा' लिहिलं आणि मग सगळ्यांनी तेच धरलं. फक्त आबामामा तुला 'शेवे' म्हणायचा, हे मला त्या डब्याशी उभी असताना आठवलं. इतक्या वर्षांनी त्या नावाने तू चार लोकांत बोलायला लागलीस, आणि मी तुला गप्प केलं. मला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल, पण ते खरं असूनही पुरेसं नाही. दुसऱ्या कोणाची आई असती तरी ते तितकंच वाईट होतं, आणि तेव्हा मला ते कळलंही नसतं. सलिल दिवाळीनंतर बंगळूरला गेला. आमचं संपलं. मी एकटीच जेवते. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुझा तर्क मालिकेपुरता चुकला, एवढंच.

तुझे सगळे डबे माझ्या ओट्याखाली साठले होते. डबा रिकामा परत देऊ नये, हे तूच शिकवलंस, आणि मी ते परतच दिले नाहीत. आज सगळे घासून आणले आहेत. प्रत्येकात थोडी थोडी साखर आहे. वरच्या डब्यात साखरेवर हे पत्र आहे आणि माझ्या घराची दुसरी किल्ली. रुमालाची गाठ मी बांधली आहे, टोक लांब सोडलं आहे, नीट जमलेली नाही. पिशवी तुझ्या दाराशी ठेवून बेल न वाजवता मी खाली येणार आहे, कारण दार वाजवायचा धीर मला अजून होत नाही. आता कळतं, शालवाली जिन्यात का थांबत असेल. तू हे वाचत असशील तेव्हा मी खाली बिल्किसचाचींच्या ओट्यापाशी उभी असेन. येण्याआधी फोन केलेला नाही.

तुझीच,
अनुया