भरल्या गाडीचं माप

अण्णा, तिथे सगळी कशी आहात? तुमची कंबर आता धरत नसेल, तिथे खाली वाकून बघायला गाड्याच नाहीत. आत्याबाईंचा दमा थंडीत उसळत नाही ना? थोरल्या जाऊबाईंचे गुडघे कसे आहेत? आणि तुमचे चिरंजीव, त्यांना तुमच्याकडे येऊन आठ वर्षं झाली, त्यांची साखर? तिथे गोडावर कोणाचा पहारा नसेल, तेव्हा तुम्हीच जरा लक्ष ठेवा. इकडे मी ठीक आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. लेक इंदिरानगरात आपल्या घरी सुखी आहे. गाड्यांच्या पाट्यांचं दुकान चामराजपेटेत आहे तिथेच आहे, पाटीही तुमच्याच नावाची. म्हातारा मिस्त्री अजून ऐरणीपाशी उभा राहतो, फक्त दोनदा हाक मारावी लागते. सगळ्यांचं सगळं बरं आहे. अकरा दिवस मला जेवण जात नाही, एवढंच.

महिन्यापूर्वी जयनगरचे एक गृहस्थ जीप घेऊन आले. आपल्यातलेच, घरात मराठी बोलणारे, कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. तीन महिने हिमालयात फिरायचं, तेही हॉटेलात न उतरता. बिछाने, स्टो, पाण्याचं पिंप, डिझेलचे डबे, डाळ-तांदूळ, सगळं गाडीतच. बरोबर बायको, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. हातात कुठल्याशा परदेशी मासिकाचं पान होतं, त्यावर ढांगा टाकून उभी असलेली एक उंच गाडी. म्हणाले, "अक्का, आमची अशी करून द्या. चार इंच वर." मी म्हटलं, "चार इंच कशाला? रस्त्यावर चालवणार की नदीत?" तर हसून म्हणतात, "नदीतसुद्धा. खाली दगड लागायला नको."

तुम्ही असता तर ते पान बाजूला ठेवून आधी विचारलं असतं, ओझं किती? मीही विचारलं, नाही असं नाही. त्यांना समजावलंसुद्धा. म्हटलं, बघा, उंची वाढवायच्या तीन रीती. एक म्हणजे चाकांवर गाडी पेलणाऱ्या थकलेल्या पोलादी पाट्यांना पुन्हा बाक द्यायचा. दुसरं, पाट्यांच्या जुडीत एक जाड पाटा वाढवायचा. तिसरं, जुडीचं टोक ज्या कडीला टांगलेलं असतं ती कडीच लांब घालायची. बाक दिला तर पाटा सावरतो, पाटा वाढवला तर ओझं पेलतो, पण लांब कडीनं नुसती उंची वाढते, जोर तेवढाच राहतो. उतरंडीवर आणखी एक मडकं चढवल्यासारखं. त्यात तुम्ही टपावर ओझं घालणार. दोन इंच पुरे, बाक देते आणि एक पाटा घालते. ते म्हणाले, "अक्का, स्वल्प मनावर घ्या. या पेठेत सगळे सांगतात, अण्णा गेले तरी अण्णांचा हात तुमच्याकडे आहे." अण्णा, या वयात कोणी असं बोललं की बाई पाघळते. मी पाघळले.

तुमची रीत मला विसरता आली असती तर बरं झालं असतं. मी नवी सून, स्वयंपाकघराच्या झरोक्यातून दुकान दिसायचं, आणि मी उप्पीट ढवळता ढवळता बघत असायचे. तुम्ही रस्त्यात एक मोटार उभी केली आहे आणि तिच्यात अख्खं कुटुंब बसवलं आहे, ट्रंका, वळकट्या, पानाचा डबा मांडीवर घेतलेली आजी, सगळं. आजी कुरकुरते आहे, "अरे, जायचं उद्या, आज का कोंबतोस?" आणि तुम्ही चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत पट्टी लावून म्हणता आहात, "आजी, रिकामी गाडी खोटं बोलते. तुम्ही बसलात की खरं बोलते." भरली गाडी मोजल्याशिवाय तुम्ही पाटा कापला नाही. मी हे सारं झरोक्यातून शिकले, मला कोणी शिकवलं नाही.

या गृहस्थांची गाडी मी रिकामी मोजली. सामान अजून यायचं होतं, निघायचा मुहूर्त ठरलेला होता. त्यांनी वजन कागदावर लिहून आणलं, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून बेरीज. त्या बेरजेवर मी पाटा ठरवला आणि उरलेल्या दोन इंचांसाठी लांब कड्या घातल्या. मिस्त्री हातोडा खाली ठेवून म्हणाला, "अक्का, कागद जड नसतो. अण्णांनी कधी कागद तोलला नाही." मी म्हटलं, "अण्णा नाहीत आता. तू ठोक." तो ठोकायला लागला, पण त्या दिवशी त्यानं माझ्या हातचा चहा घेतला नाही.

निघायच्या सकाळी त्यांच्या घरची सगळी माणसं पूजेसाठी गाडी दुकानासमोर घेऊन आली. गल्लीत वळली तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते. टपावर डोंगर होता. पिंप, डबे, दोन जास्तीची चाकं, तंबू, वर ताडपत्री. कागदावरच्या बेरजेच्या दुप्पट असेल, आणि सगळं वर. गाडी वळणावर एका अंगाला कलली आणि सरळ व्हायला तिनं वेळ लावला. फार नाही, एका श्वासाएवढा. पण अण्णा, पाट्याच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या बाईला तो श्वास ऐकू येतो. मिस्त्रीनंही पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पायाखाली बघितलं.

त्यांच्या बायकोनं बॉनेटला कुंकू लावलं, मलाही लावलं. चाकांखाली लिंबं ठेवली. नात मागच्या बिछान्यावर उड्या मारत होती, टपावरचं ओझं तिच्या उड्यांबरोबर हलत होतं. नारळ फुटला, लिंबं चिरडली, गाडी हलली. हाक मारायला माझं तोंड उघडलं होतं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे लहानपणापासून कानात भरलेलं. वाटलं, अपशकुन करणारी विधवा म्हणून ओळखली जाईन, आणि पुढे वाटेत काही झालंच तर माझ्याच हाकेनं झालं म्हणतील. तोंड मिटलं. गाडी कोपऱ्यावर पुन्हा कलली, आणि गेली.

त्याच क्षणी मला ती लग्नाची गाडी आठवली. वऱ्हाड निघालं होतं, टपावर पितळेची भांडी, नारळ फुटलेला, आणि तुम्ही धावत जाऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे राहिलात. मागचा पाटा तडकला होता. नवरीचा मामा तुम्हाला काय काय बोलला, "म्हातारा काळतोंड्या" इथपासून सुरुवात. तुम्ही भांडी उतरवून घेतलीत, पाटा बदललात, आणि ते लोक पुन्हा कधी आपल्या दुकानाची पायरी चढले नाहीत. संध्याकाळी जेवताना आत्याबाई म्हणाल्या, "इतकं ऐकून घ्यायची काय गरज होती?" तुम्ही आमटी ओरपत म्हणालात, "शिव्यांनी पोट दुखत नाही. वाढ." मग माझ्याकडे वळलात. "चहा घेऊन आलीस तेव्हा तडा तुला दिसला होता ना? मग मूग गिळून का बसलीस?" मी म्हटलं, "मी नवी आहे, बाईमाणूस." तुम्ही म्हणालात, "गाडीला ते कळत नाही." दुसऱ्या दिवशी घडीची पोलादी मापपट्टी माझ्या हातात दिलीत. कोणत्या सासऱ्यानं सुनेला असलं काही दिलं असेल? मी ती नव्या बांगड्यांपेक्षा जपली.

पाचव्या दिवशी शेजारच्या औषधांच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला, नागपूरहून. जीपवाल्यांचा मुलगा होता. "अक्का, वळणावर गाडी झुलते. सरळ व्हायला वेळ लावते. बाबा म्हणतात असंच असतं. तुम्ही सांगा." आता मागून हाक मारण्याचा प्रश्न नव्हता, त्यानं स्वतः विचारलं होतं. सांगायचं एवढंच होतं, टपावरचं सगळं उतरवा, लांब कड्या काढून जुन्या घाला, नाहीतर घाटात जाऊ नका. दुकानात चार गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत उभी होती. तेवढ्यात वडिलांनी फोन हातात घेतला. "अक्का, अंबारीत बसल्यासारखं वाटतं. वाटेत भेटेल त्याला तुमचं नाव सांगतोय." आणि मी म्हटलं, "नवे पाटे आहेत. वापरानं जागेवर बसतील." ते म्हणाले, "सरी, अक्का, मग ठीकच." झालं.

दिल्लीत ते नातेवाइकांकडे उतरणार होते, दोन दिवस थांबून पुढे डोंगरात. पोचलो की फोन करतो म्हणाले होते. तीन दिवसांपूर्वीच यायला हवा होता. मिस्त्री रोज सकाळी औषधवाल्याला विचारून येतो आणि मान हलवून ऐरणीशी जातो. आमच्यात त्यावर बोलणं होत नाही.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, हे मला कळतं. कपाटात राहील. दिल्लीचा नंबर माझ्याकडे आहे, त्यांच्या बायकोनं कुंकू लावताना लिहून दिलेला. ते सांगून टाकते, तुमच्याशी लपवून काय करू. आज दुपारी मी तो लावला. घंटी वाजली, कोणा बाईनं उचलला, "हॅलो" म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि मी ठेवून दिला. तिचा आवाज रडका होता की नुसता झोपेतून उठलेला, तेवढंही मला कळलं नाही. ती सगळी अजून तिथेच असतील तर घाट एका दिवसावर आहे आणि एका फोनचं काम आहे, हेही कळतं. पण ती तिथे नसतील, तर ते ऐकायचं बळ माझ्यात नाही. म्हणून आधी तुम्हाला विचारते. तिकडे कोणी नवीन आलं आहे का, पाच माणसं, त्यांत एक सहा वर्षांची मुलगी? आली नसतील तर तेवढंच कळवा, मी लगेच फोनकडे जाते. दोन ओळी पुरे, अण्णा. पण लवकर लिहा.