परसातली खिंड

ता. ६ एप्रिल
आज गाडीतून आले: छपराला लाकडी पट्ट्यांचे दोन भारे रु. ४०, चुना तीन पोती रु. ३६, खिळे व कडी-कोयंडा रु. ११. पांढरी माती फुकट, गावच्या टेकाडावरून हवी तेवढी न्या म्हणतात. गाडीभाडे तेवढे द्यावे लागले.
देव अजून ट्रंकेत. ट्रंकेवरच पूजा केली.
हे व मुले नांदेडला. नवा जिल्हा झाला, ह्यांची बदली जूनपासून लातूरच्या कचेरीत. तिथे खोल्यांची भाडी ऐकून घेरी येते, म्हणून एस.टी.च्या वाटेवरचे हे पडके घर घेतले. मेअखेर राहण्याजोगे व्हायला हवे. नांदेडची खोली तेव्हाच सुटणार.
रात्री शेजारच्या मथुराबाईंच्या ओसरीवर निजते. शेतकरी घर, माणसे मायाळू. मला 'कोकणातल्या बाई' म्हणतात.

ता. ९
लिंबाजी मिस्त्रीला म्हटले, कौले घालू या. तो हसला. "कवलं? हितं वानरं नाचत्यात बाई. अन् उन्हाळ्यात भाजून निघाल." म्हणजे माळवदच. तुळयांवर किलचन, म्हणजे त्या आणलेल्या लाकडी पट्ट्या, त्यावर लिंबाचा पाला, वर चिखल, वर पांढरी माती. सपाट छप्पर! आमच्या अलिबागेकडे कोणी पाहिले तर...
परसात आड आहे, पाणी आहे. ह्या दुष्काळात हे केवढे भाग्य. मागच्या भिंतीला माणूस जाईल एवढी खिंड पडली आहे. मिस्त्रीला सांगितले, आधी ती बुजव.
"बुजवायचीच का?"
"अरे, गुरे शिरतील."
"गुरं कुठली आता. समदी छावणीत हायेत."
तरी बुजवून घेतली. आमच्याकडे गडग्याला खिंड पडलेली कोणी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत नाही.

ता. १२
संकष्टी. उपास.
सकाळी चार-पाच बायका घागरी घेऊन नव्या भिंतीपलीकडे उभ्या. बघून गेल्या. वाटले, भिंत बघायला आल्या असतील.
मथुराबाईंनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत. माझे काही चुकले का?

ता. १३
राहीबाई मिस्त्रीच्या हाताखाली माती वाहते, बौद्धवाड्यातली. आज उशिरा आली. विचारले तर म्हणाली, "पानी आणाया गेल्ते वड्याच्या हिरीवर. तुमी भिंत घातलीसा न्हवं."
तेव्हा कळले. घर कैक वर्षे बंद होते. मागची सगळी आळी ह्याच आडाचे पाणी भरी, त्या खिंडीतून. राहीबाईकडच्याही. ती पडझड नव्हती, वाट होती.
मथुराबाईंना म्हटले, "तुम्ही तरी सांगायचे!"
"तुमचं घर, तुमची भिंत. आमी काय म्हनावं? वाटलं, पान्यात वाढलेली बाई, तिला आपलं पानी आपल्यापाशी पायजे असल."
त्यांच्याच ओसरीवर निजते मी. त्यांचीच भाकरी खाते.

ता. १५
खिंड पाडली. मिस्त्री म्हणे, "घालाया दिसभर, पाडाया घटकाभर. लई सस्ता सौदा, बाई." हसणे सोडत नाही मेला.
बायका आल्या. आधी डोकावल्या, मग एकीने घागर टेकली, मग सगळ्याच.
मथुराबाई हळूच: "समद्यांनाच का? बौद्धवाड्यातल्यांना बी?"
"येत नव्हत्या का इतके दिवस?"
"येत व्हत्या की. पर रिकाम्या घराला कसला इटाळ."
देवाचे पाणी मी पहाटेच काढून ठेवीन, मग कोणी का भरेना. असे ठरवले.

ता. १८
राहीबाई: "बाई, उजाडायच्या आदीच भरून ठिवता का?"
"देवाचं असतं गं."
"हां. देवाचं हाय तर हाय." घागर उचलून गेली.
पूजेत मन लागले नाही. दोनदा तेच स्तोत्र म्हटले.

ता. २१
मुद्दाम उन्हे आल्यावर आडावर गेले. दोर राहीबाईच्या हातात. तिनेच माझी कळशी भरून दिली. त्या पाण्याने देवांना स्नान घातले.
देव होते तसेच आहेत. मलाच हलके वाटले.

ता. २८
पोहरा तळाला घासतो. गढूळ येते.
मिस्त्री आज हसला नाही. "बाई, माळवदाचा चिखल ह्या पान्यात व्हत न्हाई. आठ-दहा दिस कुनी भरू नगा, तवा साचल. न्हाईतर माळवद आवंदा सोडा."
बायका तिथेच होत्या, ऐकले सगळ्यांनी. राहीबाईची सूनही होती. पोरीचे दिवस भरत आले आहेत. ओढ्याची विहीर दीड कोस.

ता. २ मे
ह्यांचे पत्र. घरमालकाने आमची खोली जूनपासून दुसऱ्याला दिली, इसारही घेतला. लिहितात, "काहीही करून छप्पर पुरे कर. मुलांना घेऊन उघड्यावर येऊ काय?" त्यांचे तरी काय चुकले?
कोणाला बोलले नाही. पण मथुराबाईंना माझ्या तोंडावरून कळते.

ता. ३
सकाळी आडावर कोणी नाही. जाऊन पाहते तो खिंडीत बाभळीच्या काटेरी फांद्यांची काटी लावलेली, बाहेरून. मी सांगितले नव्हते. मिस्त्रीनेही नाही.
मथुराबाई म्हणाल्या, "आमीच लावली. तुमची लेकरं येनार. धा दिस वड्याला जाऊ, त्यात काय मरतो का?"
उन्हात राहीबाई परतताना दिसली. मागे सून, डोक्यावर लहान घागर, मध्येच कडुलिंबाखाली बसली.
मी काटी ओढून काढली. हात सोलवटले. राहीबाई ओरडली, "अवो, आमी लावली न्हवं! मग माळवद?"
"पोरीला आत आण आधी."
मिस्त्रीला निरोप दिला, चिखल कालवू नको.

ता. ४
पत्र टाकले. शेवटचे इथे उतरवून ठेवते:
"...तेव्हा पाऊस पडून आडाला पाणी येईपर्यंत माळवद मी थांबवले आहे. आपणांस न विचारता केले. पाणी आपले खरे, पण मला ते एकटीने धरवले नाही. घरमालकाची पडवी तरी पावसापर्यंत मिळते का पाहावे. न मिळाल्यास मुलांना घेऊन या, ताडपत्री आणा. मथुराबाई मुलांना ओसरी देते म्हणतात, पण आपणांस ते रुचेल का ठाऊक नाही. रागावला असाल तर तेही लिहा. पण काय ठरवता ते उलट टपाली कळवा."