वहिनीच्या पानाचं नवं नाव

३ जून, सोमवार

कामाला लागले! काल बिश्केकहून आले, बॅग अजून उघडलेली नाही आणि दादाने फोन पुढ्यात ठेवला – "एल्नुरा, इंग्रजी शाळेत एवढी वर्षं काढलीस ना? आता याचं काहीतरी कर."

याचं म्हणजे घरातल्या दोन अकाउंटचं. एक बाबांचं, 'शार्शेन उस्ता', म्हणजे शार्शेन कारागीर. बाबा युर्त, म्हणजे लोकरीचे गोल तंबू बांधतात, त्याचे फोटो. फॉलोअर्स एकोणीसशे, त्यातले निम्मे नातेवाईक. दुसरं वहिनीचं, 'बुरुलची सुई'. ती युर्तसाठी लोकरीचे नमदे शिवते आणि शिवता शिवता लाइव्ह गप्पा मारते. बस, एवढंच. फॉलोअर्स अठ्ठेचाळीस हजार!! दादाचं दुखणं हे – लोक बघतात वहिनीला आणि युर्त घेतात खालच्या गावातून. म्हणून एकच अकाउंट हवं. बाबांच्या नावाचं.

४ जून

दिवसभर वाचत होते. दोन अकाउंट मिसळून एक होतच नाही. मोठ्याचं नाव बदलायचं आणि छोट्यावरच्यांना हाका मारून तिकडे न्यायचं. फोटो तोच ठेवायचा, म्हणजे लोक दचकत नाहीत.

वहिनीला सांगितलं. "माझी माणसं हरवणार नाहीत ना गं?"

"एकही नाही."

"मग कर. दर मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी मी लाइव्ह येते, तेवढं सांभाळ."

आमच्याकडे बुधवारला शार्शेम्बी म्हणतात; बाबा त्या दिवशी जन्मले म्हणून शार्शेन. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, त्याच्या जवळपासचा शब्दसुद्धा नाही. म्हणून वहिनीच्या आठवड्यात बुधवारच नाही! मला हसू आवरेना. ती नाही हसली.

६ जून

झालं! 'बुरुलची सुई' आता 'शार्शेन युर्त'. गेलेले फॉलोअर्स – शून्य. शून्य!

वहिनी फोन हातात धरून बघत राहिली. "वाच ना," मी म्हटलं. "बघितलं," म्हणाली.

८ जून

बाबांच्या फोनवरून जुन्या अकाउंटवर निरोप टाकला, सगळे इकडे या. आत्या आली. मामा आला. बाकीचे येतील.

१२ जून, बुधवार

नवीन नावाखालचं पहिलं लाइव्ह. वहिनीची सुरुवात ठरलेली असते – "या, बसा, बुरुलच्या सुईपाशी." आज – "या, बसा –" आणि गप्प. मग, "बसा, इथेच बसा."

कमेंट सुरू. हे कुणाचं पान? चोरलं का कुणी? बुरुल कुठाय?

"अगं बायांनो, मीच की ही!"

मग पानाचं नाव सांग.

"वर लिहिलंय ना."

कुणीतरी टाकलं – सून आहे ती, घेणार कशी! मग काय, सगळेच. नाव घे! नाव घे! खाली हसऱ्या तोंडांची रांग. दारात बाबा उभे होते. वहिनीने सुई नमद्यात खोचली आणि फोन पालथा घातला.

गेले – एकवीसशे. मी सगळी सेटिंग पुन्हा तपासली. सेटिंग बरोबर आहे.

१३ जून

दादा – "फोनवर घेतलेलं नाव म्हणजे काय तोंडावर घेतलेलं नाव आहे का?"

वहिनी – "मग उद्या माझ्या आईला फोन कर आणि नावाने हाक मार."

दादाने चहात तोंड घातलं.

मी म्हटलं, जुनं नाव दोन आठवडे राखून ठेवतात, परत लावू. दादा भडकला. "बाबांच्या नावाची पाटी उतरवायची? आणि गावात काय सांगू?"

१६ जून

कुर्मान आइत, आमची बकरी ईद. घरभर पाहुणे, घरभर मटणाचा वास. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं बुरुल, सासऱ्याच्या पाटीखाली मुकी झालीस म्हणे?"

"मुकीच बरी, आत्याबाई. बोलत बसले असते तर तुमच्या ताटात एवढं पडलं नसतं."

सगळे हसले. आत्यासुद्धा. नंतर मागे गेले तर वहिनी एकटीच पातेलं घासत होती. घासून झालेलंच पातेलं.

१७ जून

बाबा छपराच्या काठ्या वाफेवर वाकवत होते. वर न बघता विचारलं, "बुरुलचं जुनं नाव आता कुणाचं?"

"कुणाचंच नाही. गुरुवारपर्यंत राखीव. मग कुणीही उचलावं."

"कुणीही?"

"जो आधी येईल तो."

बाबांनी पुढची काठी घेतली. पाटीबद्दल विचारावंसं वाटलं, पण बाबांना असं विचारत नाहीत.

१९ जून

आज मीच लाइव्ह बसले. तयारी करून! शिवणीचे सगळे प्रकार पाठ केले होते. लोक – ही पोर कोण? बुरुलला बोलवा. बुरुल माझ्या शेजारीच होती, कॅमेऱ्याच्या बाहेर, शिवत.

बेचाळीस हजार राहिले. दादा म्हणतो, "बेचाळीस म्हणजे काय कमी आहेत?" कमी नाहीत. पण रोज जातायत.

२० जून

जुनं नाव परत लावायची मुदत आज संपली. दादाला शेवटचं विचारलं. नाही म्हणाला. वहिनीला सांगायला गेले तर म्हणाली, "माहीत आहे." एवढंच. मला वाटलं होतं रडेल.

२१ जून, शुक्रवार

सकाळी सहज शोधलं, 'बुरुलची सुई' कुणी उचललं का. उचललंय! आत एकच व्हिडिओ, काल संध्याकाळचा. वहिनी – "या, बसा, बुरुलच्या सुईपाशी." फोन कुणीतरी हातात धरलाय. चांगलाच हलतोय.

फॉलोअर एक. 'शार्शेन उस्ता'. ते अकाउंट फक्त बाबांच्या फोनवर आहे.