दुसऱ्या मिस

२ जून
आज चेन्नईहून तंजावूरला आले. राजवाड्यामागच्या गल्लीत सरस्वतीआत्याकडे वरची खोली मिळाली. खिडकीतून शेजारचा शेवगा हाताला लागतो. आत्यानं स्वागत मराठीत केलं, जेवणाचा आग्रह मात्र तमिळमध्ये. पदवी झाली. आता गरीब वस्त्यांत शिकवायला पदवीधर पाठवणाऱ्या संस्थेत अर्ज करायचा. अप्पांनी बँकेच्या परीक्षेचा हट्ट महिनाभर सोडलाय. खूप आनंदात आहे.

५ जून
ऑनलाइन अर्ज तिसऱ्यांदा परत. हरिता या माझ्याच नावानं अर्ज आधीच आलाय म्हणे. फोटो बदलला, तरी तेच. चरफडत संस्थेच्या कार्यालयात गेले. तिथल्या गणेशकुमारांनी कागद पुढे सरकवला. माझा फोटो, माझी सही, तारीख दोन जून, सकाळची. तुम्हीच आणून दिलात, म्हणाले. तेव्हा मी बसमध्ये होते. कोणी ऐकूनच घेत नाही.

९ जून
त्याच अर्जावर संस्थेनं निवडीसाठी बोलावलं: कालव्यापलीकडच्या शाळेत नमुना पाठ. अपूर्णांक शिकवायला पुठ्ठ्याचे डोसे कापून नेले. मुख्याध्यापिका भुवनेश्वरी म्हणाल्या, पाठ कालच झाला, छान झाला, आज परत कशाला? फळ्यावर माझ्याच अक्षरात अपूर्णांक. इतका संताप आला की मी वर्गात ओरडले. मुलं भिंतीला चिकटली. जननी नावाच्या मुलीनं हळूच विचारलं, "मिस, तुम्ही दुसऱ्या का?"
मी फळा पुसायला लागले.
"त्या रागवत नाहीत," ती म्हणाली.

११ जून
आत्या विचारते, आजकाल दोनदा का जेवतेस. अप्पांना फोन केला. ते म्हणाले, आत्ताच तर बोललो, निवड झाली ऐकून बरं वाटलं. चिडून फोन आपटला.

१२ जून
निवडपत्र आलं. सही करून मीच घेतलं म्हणे. मी घरात नव्हते. आत्याला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, पण परक्या माणसाकडे बघावं तसं —

१३ जून, दुपार
खोलीत आहे. कडी लावलीय. जिन्यावर आत्या हरिता म्हणून हाक मारतेय — उत्तर माझ्या आवाजात. उत्तर देणारीचं मराठी माझ्याहून साफ. विचारतेय, माझ्या खोलीत कोण बसलंय? आत्या म्हणते, ठाऊक नाही गं.
ओरडून सांगितलं, मी हरिता. दोघी थांबल्या.
कडी सरकतेय — आतली कडी — मी हात लावलेला नाही, मी इथे लिह